सनांगा: घरी करायचा, बाटली मागवायची, की दुसरंच काही?

ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका झुडपाच्या मुळीपासून डोळ्यात घालायचे थेंब करतात, तो सनांगा. ब्राझीलच्या आक्रे राज्यातले हुनी कुइन आणि यावानावा, पेरू-ब्राझील सीमेवरच्या जावारी नदीच्या खोऱ्यातले मात्सेस, या लोकांचं हे औषध. मुळीची साल खरवडतात, पाण्यात भिजवतात, पिळून गाळतात आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडतात. मग काही मिनिटं अशी आग होते की डोळे उघडवत नाहीत. शिकारीला निघण्याआधी नजर तेज व्हावी म्हणून तो घालतात, शिवाय ‘पानेमा’ सुटावा म्हणूनही. पानेमा ही शिकाऱ्याची साडेसाती: बाण चुकतो, जनावर दिसत नाही, अंगात आळस भरतो.

हल्ली या मुळीची पूड ऑनलाइन मिळते, तयार बाटल्याही मिळतात. सोबत दावे येतात: चष्म्याचा नंबर उतरतो, मोतीबिंदू विरघळतो, काचबिंदू बरा होतो. ज्यांच्या मनात ‘करून बघू का’ चाललं आहे, त्यांच्यासाठी हे पर्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत. माझा कल लपवत नाही: घरी करणं मला यातलं सगळ्यात वाईट वाटतं, आणि त्याचं कारण जंगली मुळी हे नाही.

घरी करणं आणि तिथल्या माणसाच्या हातून घेणं

वरवर दोन्ही सारखंच दिसतं. तीच मुळी, तेच पाणी. फरक झाड ओळखण्यापासून सुरू होतो. सनांगाची झुडपं टॅबर्नेमोंटाना या प्रजातीतली आहेत आणि या प्रजातीत शंभराच्या आसपास जाती आहेत. जात, मुळीचं वय, जमीन, यांनुसार आतली अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी रसायनं, कमीजास्त होतात. जावारीकाठचा म्हातारा ते झाड लहानपणापासून ओळखतो. आपल्याकडे येते ती पाकिटातली तपकिरी पूड. ती कोणत्या झाडाची, किती जुनी, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेल याची खात्री नाही. शिवाय कोरोनारिडिन, व्होआकँजिन ही यातली द्रव्यं आयबोगेन या मेंदूवर आणि हृदयावर परिणाम करणाऱ्या द्रव्याच्या जातकुळीतली. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि रक्तातही जातो, त्यामुळे ‘एका थेंबानं काय होतंय’ हा युक्तिवाद लंगडा आहे.

दुसरा फरक वेळेचा. गावात थेंब लागेल तेव्हा करतात आणि वापरतात. घरी करणारा एकदाच खटाटोप करतो आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवून आठवडेच्या आठवडे वापरतो. मुळी मातीतली, पाणी नळाचं. मातीत सूडोमोनाससारखे जिवाणू असतात, नळाच्या पाण्यात अकँथअमीबा हा डोळ्याला बाधणारा एकपेशीय जीव असू शकतो. कॉफीच्या फिल्टरची छिद्रं जिवाणूपेक्षा कैक पटींनी मोठी असतात. स्वयंपाकघरातल्या उकळीनं बीजाणू मरत नाहीत, त्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची वाफ पंधरा मिनिटं लागते. कारखान्यात उष्णता न सोसणारे थेंब ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. अश्रूंचा पीएच साधारण ७.४ असतो आणि खारटपणा ०.९ टक्के मिठाच्या पाण्याएवढा. स्वयंपाकघरात यातलं काहीच मोजलं जात नाही.

सूडोमोनास बुबुळात शिरला की दोनेक दिवसांत ते विरघळवू शकतो. कारखानेही इथे चुकतात. २०२३ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या, तमिळनाडूत बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांशी सूडोमोनासच्या साथीचा संबंध जोडला गेला: १८ राज्यांत ८१ रुग्ण, चार मृत्यू, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला. यंत्रं आणि तपासण्या असून हे घडलं. गाळायच्या फडक्यावर मी कसा भरवसा ठेवू?

म्हणून तिथल्या जाणत्याकडून ताजा थेंब घेणं घरच्या प्रयोगापेक्षा बरं, पण निर्धोक नाही. तोही थेंब निर्जंतुक नसतो. शहरी ‘सोहळ्यांत’ तर एकच ड्रॉपर पाच-सहा जणांच्या डोळ्यांवरून फिरतो. परंपरेचा आदर म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यातलं पाणी आपल्या डोळ्यात घ्यायची गरज नाही.

तयार बाटली

हिच्यावर फार शब्द घालवत नाही. औषध म्हणून परवाना नाही, किती मात्रा आहे ते लिहिलेलं नाही, निर्जंतुक केल्याचा पुरावा नाही. घरच्या बाटलीचे सगळे दोष, वर किंमत.

ब्राझीलचंच दुसरं झाड

वनस्पतीच हवी असेल तर ही तुलना जास्त कामाची. ईशान्य ब्राझीलच्या मारान्याऊ राज्यात जाबोरांदी नावाचं झुडूप उगवतं. त्याची पानं चघळली की लाळ आणि घाम सुटतो, हे तिथल्या लोकांना जुनं माहीत. त्यातून १८७५ मध्ये पायलोकार्पिन वेगळं काढलं गेलं आणि थोड्याच काळात काचबिंदूवर वापरात आलं. दीडशे वर्षं होत आली, ते अजून औषधांच्या यादीत आहे. २०२१ मध्ये १.२५ टक्क्यांच्या थेंबांना चाळिशीच्या चष्म्यावरचा उपाय म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानेही भुवयांपाशी दुखतं, अंधारात कमी दिसतं, क्वचित डोळ्याच्या आतला पडदा सुटण्याचा धोका असतो. पण हे सगळं मोजलेलं आणि लिहिलेलं आहे. सनांगाच्या बाबतीत हा मधला प्रवास झालेलाच नाही.

आपल्या अंगणातली तगरसुद्धा सनांगाच्याच प्रजातीतली. कोरोनारिडिन तिच्यातही सापडतं, आणि तिचा चीक व पानांचा रस डोळ्यांच्या तक्रारींवर वापरल्याच्या नोंदी आपल्याकडच्या वनौषधींच्या पुस्तकांत आहेत. म्हणून कुणी कुंडीतली मुळी उपटायला जाऊ नये. वरची सगळी आक्षेपांची यादी तिलाही लागू आहे.

तुमची तक्रार नेमकी काय आहे?

स्क्रीनमुळे डोळे चुरचुरत असतील तर सनांगानंतर ‘स्वच्छ दिसतंय’ असं वाटेलही, कारण भरपूर पाणी येऊन डोळा धुतला जातो. तेच काम कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोजचे कृत्रिम अश्रू आग न करता करतात. बाटली फोडल्यावर महिन्याभरात टाकून द्या. मात्र केमिस्टनं आपणहून ‘लाली जाईल’ म्हणून दिलेले स्टिरॉइडचे थेंब घेऊ नका. ते महिनोन्महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून खरा काचबिंदू होऊ शकतो. झाडपाल्याला नावं ठेवताना आपली ही सवय सोयीनं विसरली जाते.

नंबर उतरवायचा असेल तर लघुदृष्टीत बहुतेकदा नेत्रगोल लांबलेला असतो, तो मुळीच्या पाण्यानं आखूड होत नाही. मोतीबिंदूत भिंगातली प्रथिनं गढूळ होतात, तिथे शस्त्रक्रियेलाच पर्याय नाही. काचबिंदू असेल तर प्रयोगात गेलेले महिने परत मिळत नाहीत, कारण मेलेली दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, पुन्हा उगवत नाही.

आणि अनुभवाचीच ओढ असेल, आजार नसेल, तर तो वेगळा निर्णय आहे. तो मी तुमच्या वतीनं घेणार नाही. फक्त कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी, डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या वाटेला जाऊ नये.

आधीच घालून झाला असेल तर एवढं पाहा: आग तासाभरात ओसरायला हवी. दुसऱ्या दिवशी डोळा लाल आहे, उजेड सोसवत नाही, पू येतो किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि उरलेली बाटली लाजून फेकू नका, सोबत न्या. तिच्यातल्या पाण्याचं कल्चर केलं, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातले जिवाणू वाढवून पाहिले, तर कोणतं प्रतिजैविक द्यायचं ते लवकर ठरतं.