चुलीला बाभूळ की तुराट्या?

डिसेंबर-जानेवारीत तूर झोडपली की तुराट्यांचा भारा फुकटात घरी येतो. काडी लावताच भडकतात. चहाला तेवढं पुरतं. पण भाकरीला बसलात तर एक हात पिठात, दुसरा चुलीत. सारखा जाळ सारायचा आणि खाली उरते नुसती राख.

बाभूळ पेटायला हट्टी, म्हणून खाली चार तुराट्या घालतेच मी. पण चिरून उन्हाळाभर वाळवलेली बाभूळ किलोमागे सुमारे ४,८०० किलोकॅलरी उष्णता देते, शिवाय निखारा धरते. तव्यावरची भाकरी त्या आरापुढे उभी केली की टम्म फुगते. थंडीत तेच निखारे घमेल्यात काढून शेकायला घ्या. दार-खिडकी मात्र उघडी ठेवा. ओली बाभूळ फुकट मिळाली तरी नको. नुसता धूर!