घरी येणारी स्पीच थेरपी, बडोदा: साडेतीन स्टार, त्यातले तीन त्या मुलीचे

सेवेचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि थेरपी द्यायला येणारी ती मुलगी अजून तिथेच नोकरीला आहे.

बाबा 67 वर्षांचे, रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. ऐन गणपतीत दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी आईलाच "तुम्ही कुणाकडच्या?" म्हणून विचारलं आणि रात्री फिट आली. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं. हर्पीस एन्सेफलायटिस. ओठावर पुटकुळ्या आणणारा तोच विषाणू, इथे मेंदूत शिरलेला. ॲसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध दर आठ तासांनी शिरेतून, 21 दिवस. दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी चालत घरी आले, म्हणून दांडिया बाजारातली आमची सगळी गल्ली म्हणाली, "चला, सुटले." पण वांग्याला काय म्हणतात ते त्यांना येत नव्हतं.

ऑक्टोबरपासून थेरपी सुरू केली, आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, दर वेळी 700 रुपये. पहिल्या दिवशी मुलगी चित्रांची कार्डं घेऊन आली, सगळी गुजरातीतून. सफरचंद निभावलं, "सफ" म्हटल्यावर "सफरजन" काय आणि "सफरचंद" काय, गाडी पुढे सरकते. पण कांद्याच्या चित्राला (गुजरातीत डुंगळी) तिने "डुं..." अशी सुरुवात करून दिली. बाबा खूप विचार करून म्हणाले, "डुंबणं." आई हसली, बाबा चिडले, त्या दिवशीचे 700 गेले.

तिने मात्र ते मनावर घेतलं. पुढच्या वेळी कार्डं काढलीच नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेली. आईकडून प्रत्येक वस्तूचं मराठी नाव विचारून वहीत गुजराती अक्षरांत लिहून घेतलं. ती "खमणी" म्हणणार, आम्ही "किसणी". तिने किसणी पाठ केली. मग बाबांची जुनी हत्यारांची पेटी उघडायला लावली. पक्कड, पाना, कानस, करवत, सगळं धडाधड! आम्ही तोंडात बोटं घातली. कोंबडा येत नाही आणि कानस येते? ती म्हणाली, "काका, या आजारात असं पुष्कळदा दिसतं. प्राणी, फळं, भाज्या जातात, हत्यारं राहतात." एवढं आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं, तर आई महिनाभर "मुद्दाम करतात" असं म्हणत बसली नसती.

तिची पद्धतही सांगते, कारण ती घरी चालवता येते. चुकू द्यायचं नाही. अंदाज बांधायला लावायचं नाही, नाव आपणच सांगायचं, मग मिनिटाने विचारायचं, मग दोन, मग चार, मग आठ. मधे चुकले तर नाव सांगून पुन्हा थोड्या वेळावर यायचं. "आठवा ना, आठवा ना" करत मागे लागायचं नाही. (हे मला सर्वांत जड गेलं.) गृहपाठ म्हणून कमाटीबागेतल्या प्राणीसंग्रहालयात न्यायचं, एका खेपेला तीनच प्राणी. मोर तिसऱ्या खेपेला आला, हरीण अजून "ते शिंगवालं" आहे.

आता तक्रारी. नोव्हेंबरमध्ये न सांगता दुसराच माणूस पाठवला. तो कार्डं घेऊन बसला आणि तीन वेळा चुकल्यावर "अंकल, ट्राय करो" म्हणत मोठ्याने बोलू लागला. बाबांना ऐकू येतं हो! दोन दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. फोन केला तर ऑफिस म्हणे, "थेरपिस्ट निवडता येत नाही." भांडले, मुलगी परत मिळाली, ते दोन सेशन मात्र बिलात तसेच राहिले. वेळ दुपारी चारची दिली होती. बाबा जेवणानंतर पार गळून जातात, हे समजवायला तीन आठवडे लागले. आता सकाळी दहाला येते, त्याच पैशांत दुप्पट काम होतं.

चार महिन्यांत काय झालं? भाजीची पिशवी रिकामी करताना आई एकेक उचलून दाखवते, दहातली सहा-सात येतात. गेल्या सोमवारी म्हणाले, "गवार. परत आणलीस?" नातवाचं नाव अजून कधीकधी चुकतं, आणि सकाळी चहा घेतला की नाही हे विचारू नये.

बोलवायचं असेल तर फोनवरच विचारा: कायम एकच थेरपिस्ट येणार का, आणि सकाळची वेळ आहे का. मराठी येतं का हे विचारू नका, सगळे "थोडी थोडी" म्हणतात. त्यापेक्षा पहिल्या दिवशी दार उघडल्यावर सरळ स्वयंपाकघरात न्या.