ओशा टेन लाइव्ह ऑनलाइन केलं, त्याला आठ महिने झाले

मार्चमध्ये मी ओशा टेन केलं, म्हणजे अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा (ओशा) दहा तासांचा कोर्स. त्यातलं 'जनरल इंडस्ट्री'वालं, म्हणजे कारखान्यांसारख्या ठिकाणचं. बांधकामवाल्यांचं वेगळं असतं. मी न्यू जर्सीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये कामाला आहे, त्याआधी नऊ वर्षं भोसरी एमआयडीसीत काढली. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघूनही हा कोर्स करता येतो, पण मी मुद्दाम लाइव्ह घेतला आणि आज विचाराल तर पुन्हा तोच घेईन.

दोन शनिवार, घरचं डायनिंग टेबल, कॅमेरा चालू. एका दिवसात साडेसात तासांपेक्षा जास्त शिकवायचं नाही असा नियमच आहे, त्यामुळे दहा तासांना किमान दोन दिवस लागतात. एका दिवसात कार्ड, म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचा पुरावा, देतो असं कोणी सांगितलं तर तिथे पैसे भरू नका.

लाइव्हचा फायदा मला पहिल्याच शनिवारी कळला. शिकवणारे गृहस्थ प्रत्येकाला विचारत होते, तू नेमकं काय काम करतोस, कुठल्या मशीनवर. मी बेंच ग्राइंडर, म्हणजे फिरत्या दगडी चाकावर धातू घासायचं मशीन, म्हटल्यावर त्यांनी मला गृहपाठ दिला: सोमवारी शॉपमध्ये जाऊन फट मोज. टूल रेस्ट (घासायचा तुकडा टेकवायचा आधार) आणि चाक यांच्यातली फट १/८ इंचापेक्षा जास्त नको, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. वरची पट्टी, टंग गार्ड, चाकापासून १/४ इंचाच्या आत. मी मोजायला गेलो तर खालच्या फटीत माझी करंगळी जात होती. त्या फटीत घासायचा तुकडा ओढला गेला तर चाक फुटतं आणि तुकडे सरळ तोंडावर येतात. इतकी वर्षं ग्राइंडरवर उभा राहिलो, पण रेस्ट पुढे सरकवायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट रिंग टेस्टची. नवीन चाक बसवण्याआधी ते बोटावर तोलून धरायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर बसवा, बद्द वाजलं तर आत तडा आहे. माझी आई कुंभाराकडून माठ घेताना टिचकी मारून अगदी असंच ऐकायची. आम्ही भोसरीत चाक खोक्यातून काढून थेट चढवायचो.

लॉकआउट-टॅगआउटही नीट समजलं, म्हणजे दुरुस्ती करताना मशीनची वीज बंद करून स्विचला कुलूप आणि पाटी लावणं. स्वतःचं कुलूप, त्याची एकच चावी, ती आपल्याच खिशात. आणि कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून पाहायचं, मशीन खरंच मेलंय का. ऑगस्टमध्ये मी बँडसॉची, म्हणजे पट्ट्याच्या करवतीची, पट्टी बदलत होतो. सहकारी जेवून आला, त्याला मी दिसलो नाही, त्याने स्टार्ट दाबलं. काही झालं नाही, कारण मेन स्विचला माझं लाल कुलूप होतं. तेव्हा माझे दोन्ही हात पट्टीवर होते.

आता खटकलेलं. विजेचा भाग नुसत्या स्लाइड वाचून उरकला. अग्निशामक नळकांडं कसं वापरायचं ते पडद्यावर पाहिलं, पण हातात धरल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. फोर्कलिफ्टबद्दल तर गैरसमजच नको. हे कार्ड मिळालं म्हणून फोर्कलिफ्टवर बसता येत नाही. त्याचं शिक्षण मालकाने द्यायचं आणि प्रत्यक्ष चालवायला लावून परीक्षा घ्यायची असते, आणि दर तीन वर्षांनी निदान एकदा पुन्हा तपासायचं असतं. ओशा स्वतःच सांगते की हा कोर्स ऐच्छिक आहे, मालकाने द्यायच्या शिक्षणाऐवजी तो चालत नाही. आमच्या सुपरवायझरला मात्र कार्ड आलं म्हणजे सगळं झालं असं वाटत होतं. त्याच्याशी मला दोनदा बोलावं लागलं.

कार्डाचाही त्रास झाला. ते ९० दिवसांच्या आत कामगाराच्या हाती पडायला हवं. माझं ८४व्या दिवशी आलं, आणि मधल्या काळात कोर्सवाल्यांनी माझ्या तीन ईमेलांना एकही उत्तर दिलं नाही. शिकवणारा माणूस इतका चांगला आणि ऑफिस असं, याचं वाईट वाटलं.

भाषेबद्दल आवर्जून सांगतो. कामगाराला समजेल अशाच भाषेत सुरक्षेचं शिक्षण द्यावं, ही ओशाची भूमिका आहे. आमच्या वर्गात एक जण तासभर गप्प होता. सरांनी त्याला थेट प्रश्न विचारला, इंग्रजी पोहोचत नाही हे ओळखलं आणि त्याला स्पॅनिश बॅचमध्ये पाठवलं. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओपुढे तो दहा तास तसाच बसून राहिला असता. मराठी बॅच मला कुठे दिसली नाही, म्हणून मी माझ्या वहीत मराठीत टिपणं काढली. त्याच वहीवरून गोदामात पॅकिंग करणाऱ्या मेव्हणीला रसायनांची सेफ्टी डेटा शीट (धोके आणि काळजीची माहिती देणारा कागद) वाचायला शिकवली: एकूण १६ भाग, त्यातला चौथा प्रथमोपचाराचा, तो आधी बघायचा.

गेल्या आठवड्यात शॉपमध्ये एक नवीन मुलगा लागला. ग्राइंडरची दोन नवी चाकं आली होती, ती मी त्याला ठोकून ऐकवली. पहिलं छान वाजलं. दुसरं बद्द आलं. त्याच्याच हाताने त्यावर मार्करने फुली मारून घेतली आणि ते आम्ही भंगारात टाकलं.