निक्स-ओएसचं स्पेशलायझेशन: आठ महिने वापरल्यावर

खानापुरात पाऊस धरला की लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. माझं डीटीपीचं दुकान, त्यात मराठी पावतीपुस्तकं आणि कन्नड अर्ज दोन्ही. लाईट असताना ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर सगळं लागतं. गेली की लॅपटॉपची बॅटरी पुरवावी लागते. त्यासाठीच जूनमध्ये निक्स-ओएस (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टीम) घेतलं आणि मी त्यावर मनापासून खूश आहे.

इथे अख्खी सिस्टीम फाइलीत लिहून ठेवतात. त्याच फाइलीत मी ‘बॅटरी’ नावाचं स्पेशलायझेशन, म्हणजे त्याच सिस्टीमचं दुसरं रूप, जोडलं. मूळ भागातलं सगळं त्याला आपोआप मिळतं, फरक तेवढा लिहायचा. माझा फरक नऊ ओळींचा: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बंद, प्रिंटिंग बंद, टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) चालू. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड मात्र मूळ भागातच ठेवला. मराठीचा ‘क’ आणि कन्नडचा ‘ಕ’ एकाच बटणावर, त्यामुळे बोटं अडत नाहीत.

सुरुवातीलाच अडलो ते प्रिंटिंगपाशी. मूळ भागात चालू आणि इथे बंद असं सरळ लिहिलं, तर एकाच सेटिंगच्या दोन किमती (व्हॅल्यू) एकमेकींवर आदळल्या आणि बिल्ड, म्हणजे फाइलीतून सिस्टीम तयार होणं, थांबला. ‘हीच किंमत धर’ असं सांगणारं ‘एमके-फोर्स’ लावल्यावर सुटलं.

चालू मशीनवरही रूप बदलता येतं. रीबिल्डच्या (फाइलीवरून सिस्टीम पुन्हा तयार करण्याच्या) कमांडला स्पेशलायझेशनचं नाव द्यायचं. पण मेमरीत बसलेला ग्राफिक्सचा ड्रायव्हर तेवढ्याने उतरत नाही, त्याला रीस्टार्ट लागतो. म्हणून आभाळ भरलेलं दिसलं की मी सकाळीच बूट मेनूतून ‘बॅटरी’ निवडतो.

ऑगस्टमध्ये चूक माझी झाली. लाईट नव्हती, गणपती मंडळाचं पावतीपुस्तक जुळवत होतो, एक फॉन्ट हवा होता. नाव न देताच रीबिल्ड केलं. नाव नसलं की सिस्टीम मूळ रूपावर येते. टीएलपी बंद पडलं, बॅटरी संपली आणि पान अर्ध्यावर गेलं. आता नावासकटची कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्येच ठेवली आहे.

बूट पार्टिशन मोठं ठेवा. माझं १०० एमबीचं होतं. दोन्ही रूपांच्या इनिटआरडींनी (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींनी) ते लगेच भरलं. १ जीबीचं केलं, जुन्या पिढ्यांची (आधीच्या रीबिल्डच्या जपून ठेवलेल्या सिस्टीमची) मर्यादा ५ ठेवली. रीबिल्डला वेळही जास्त लागतो, कारण दोन्ही रूपं दरवेळी तयार होतात. पॅकेजं मात्र निक्स स्टोअरमध्ये (डिस्कवरच्या त्यांच्या साठ्यात) एकदाच साठतात.

नोव्हेंबरच्या आवृत्तीवर गेलो तेव्हा माझ्या प्रिंटरचा ड्रायव्हर चालेना. दारात गिऱ्हाईक उभं होतं. बूट मेनूतून मागची पिढी निवडली. तिची ‘बॅटरी’ही तिच्याबरोबर तशीच होती. अर्ज छापून दिले आणि ड्रायव्हरचं रात्री निवांत पाहिलं.