व्ही-मॉडेल, स्क्रम की कानबान : टेस्टरच्या खुर्चीतून

टीम लहान आहे, म्हणजे सहा-आठ डेव्हलपर आणि एक-दोन टेस्टर, आणि काम कुठल्या पद्धतीने चालवायचं हे ठरवायची वेळ आली आहे, अशांसाठी हे लिहितोय. व्ही-मॉडेल म्हणजे काय, स्प्रिंट म्हणजे काय, हे ढोबळमानाने ठाऊक आहे असं धरून चालतो. एका ओळीत उजळणी : व्ही-मॉडेलमध्ये डाव्या बाजूने रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते) आणि डिझाइन खाली उतरतं, आणि प्रत्येक पायरीची टेस्टिंग उजव्या बाजूने वर चढते; स्प्रिंट म्हणजे स्क्रममधला एक-दोन आठवड्यांचा ठरलेला कालखंड. मॉडेलांच्या तुलनेचे तक्तेही भरपूर मिळतात. ‘लवचीकता : कमी, मध्यम, जास्त’ अशा रकान्यांचे. मला हवी ती ओळ मात्र त्यात सापडत नाही : टेस्टरच्या हाती काम केव्हा येतं आणि एका वेळी किती येतं? तिन्ही पद्धतींत काम केल्यावर माझं मत बनलं ते याच ओळीवर.

वॉटरफॉल, म्हणजे एक टप्पा संपल्यावरच पुढचा सुरू करायची पद्धत, यादीत घेतलेला नाही. विन्स्टन रॉइस यांनी १९७०च्या निबंधात एकाखाली एक टप्प्यांची ती प्रसिद्ध आकृती काढली आणि लगेच लिहिलं की असं काम करणं धोक्याचं आहे, कारण टेस्टिंग अगदी शेवटी येतं आणि तिथे काही मोठं निघालं तर थेट डिझाइनपर्यंत मागे जावं लागतं. लोकांनी आकृती उचलली आणि पुढचा मजकूर सोडून दिला. आज ‘आम्ही वॉटरफॉल करतो’ असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. तो दुसऱ्या नावाने घरात शिरतो, त्याबद्दल पुढे.

व्ही-मॉडेलला जुनाट म्हणून मोडीत काढायची घाई करू नका. टेस्टरला सर्वात मानाने वागवणारी पद्धत कुठली असेल तर ती हीच. रिक्वायरमेंट लिहिली जात असतानाच तिची ॲक्सेप्टन्स टेस्ट (ती पूर्ण झाली का हे तपासणारी) लिहायला बसायचं, या एका सवयीची किंमत कळायला थोडा काळ जातो. ‘वापरकर्ता निष्क्रिय असल्यास त्याला लॉगआउट करावे’ हे वाक्य वाचताना कोणालाच खटकत नाही. त्याची टेस्ट लिहायला घेतली की प्रश्न सुरू होतात. निष्क्रिय म्हणजे किती मिनिटं? लांबलचक फॉर्म भरतोय, सर्व्हरकडे काहीच जात नाही, तर तो निष्क्रिय का? दोन टॅब उघडे असतील तर? भरलेला मजकूर जपायचा की जाऊ द्यायचा? एक ओळ कोड लिहिण्याआधी हे सगळं टेबलावर येतं, आणि तेव्हा बदल म्हणजे कागदावरची खाडाखोड असते.

वैद्यकीय उपकरणं किंवा विमानातलं सॉफ्टवेअर करत असाल तर प्रश्न आणखी सोपा होतो. आयईसी ६२३०४ किंवा डीओ-१७८सी, म्हणजे अनुक्रमे या दोन क्षेत्रांची मानकं, अमुक मॉडेल वापरा असं म्हणत नाहीत. पण कुठल्या रिक्वायरमेंटची कुठली टेस्ट आणि तिचा निकाल काय, हा माग ते मागतात. डीओ-१७८सीच्या सर्वात वरच्या ‘ए’ पातळीला तर कोडमधली प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलू शकते हेही दाखवावं लागतं. असला पुरावा व्ही-मॉडेलमधून आपसूक तयार होतो, इतर ठिकाणी तो मागाहून जुळवत बसावं लागतं. तुम्ही या जातीचं काम करत असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

बाकीच्यांसाठी अडचण अशी की टेस्ट लवकर लिहिल्या तरी चालवायला मिळतात उशिरा. डावी बाजू लांबली की उजवी आक्रसते, डिलिव्हरीची तारीख जागची हलत नाही. आणि रिक्वायरमेंट दर महिन्याला बदलत असतील तर मागोव्याचा तक्ता दुरुस्त करणं हेच एक पूर्णवेळ काम होऊन बसतं.

आता स्क्रम. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५मध्ये मांडलेली ही पद्धत आज इतकी रुळली आहे की बहुतेक टीम ती निवडत नाहीत, गृहीतच धरतात. तिचं श्रेय तिला द्यायला हवं. दर स्प्रिंटला चालतं सॉफ्टवेअर दाखवायचं बंधन आहे, त्यामुळे चुकीच्या दिशेने गेलेलं काम महिनोन्‌महिने झाकलेलं राहत नाही. रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे स्प्रिंटअखेर मागे वळून काय चुकलं ते बघायची बैठक, मनापासून होत असेल तर टीम खरोखर सुधारते. प्रॉडक्ट ओनर नावाचा एक माणूस निर्णयाला जबाबदार असतो, हेही टेस्टरच्या दृष्टीने मोठं सुख. ‘हे असंच अपेक्षित आहे का?’ हे विचारायचं कोणाला, ते ठरलेलं असतं.

पण माझं घोडं जिथे पेंड खातं ती जागा म्हणजे स्प्रिंटचे शेवटचे दोन दिवस.

दोन आठवड्यांचा स्प्रिंट घ्या. पहिल्या आठवड्यात सगळ्या स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे, बोर्डवर प्रत्येकाचं एक कार्ड) ‘इन प्रोग्रेस’मध्ये असतात, कारण प्रत्येक डेव्हलपरने आपापली एक उचललेली असते. बर्नडाउनची, म्हणजे उरलेलं काम दाखवणाऱ्या आलेखाची, रेघ आडवी झोपलेली. टेस्टर तोवर टेस्ट डेटा तयार करतो, जुने बग बंद करतो, सकाळच्या छोट्या बैठकीत, स्टँडअपमध्ये, ‘स्टोरीची वाट बघतोय’ म्हणतो. मग दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर कार्डं टेस्टिंगच्या रकान्यात येऊन पडायला लागतात. एक नाही, पाच-सहा एकदम. डेव्हलपर ‘माझ्याकडून झालं’ म्हणून पुढच्या स्प्रिंटच्या स्टोऱ्यांकडे वळतो. वेळ नसतो तो फक्त टेस्टरकडे, आणि त्यात मागच्या सगळ्या स्प्रिंटचं रिग्रेशनही (आधीचं काही मोडलं नाही ना याची फेरतपासणी) त्याच्याच डोक्यावर.

अशाच एका शेवटच्या दुपारी रिफंडची स्टोरी माझ्याकडे आली. ऑर्डरच्या रकमेचा काही भाग परत करता येणं, एवढीच ती. एकदा साठ टक्के परत केले, बरोबर. पुन्हा साठ टक्के करायला गेलो, सिस्टिमने नकार दिला, तेही बरोबर. मग एक नवी ऑर्डर दोन टॅबमध्ये उघडून दोन्हीकडे साठ-साठ टक्के भरले आणि बटणं लागोपाठ दाबली. दोन्ही रिफंड गेले, म्हणजे ग्राहकाला त्याने भरल्यापेक्षा जास्त पैसे परत. डेमो दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘डेमोत दोन टॅब कोण उघडणार?’ असं कोणीतरी म्हणालं, स्टोरी ‘डन’मध्ये गेली आणि बग नवं तिकीट होऊन बॅकलॉगच्या, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीच्या, तळाशी. यात कोणाची नियत वाईट नव्हती. पण हाच बग तीन दिवस आधी सापडला असता तर लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो कोड ताजा होता आणि तासाभराचं काम होतं.

इथे स्क्रमचे जाणकार म्हणतील की हे खरं स्क्रम नव्हेच. त्यांचं बरोबर आहे. स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेत, टेस्टर अशी भूमिकाच नाही, दर्जाची जबाबदारी सगळ्या डेव्हलपरांची, आणि ‘डन’च्या व्याख्येत न बसणारं काम झालेलं धरायचं नाही. स्टोऱ्या बारीक कापा, दोघांनी मिळून एक संपवा, टेस्ट आधी लिहा, म्हणजे असं होणार नाही. असं चोख स्क्रम करणारी टीम मी पाहिली आहे आणि तिथे टेस्टर खूश होते. पण बाकीच्या ठिकाणी दोन आठवड्यांच्या पेटीत घातलेला छोटा वॉटरफॉलच दिसला. पेटीला शेवट असला की काम शेवटाकडे सरकतं, आणि ते अडवणारं काहीही पद्धतीत अंगभूत नाही. सगळा भार टीमच्या शिस्तीवर. काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून टेस्टिंग एक स्प्रिंट मागे चालवतात. तो तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार.

कानबान मला पटलं ते नेमकं इथे. मुळात टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी घडवलेली ही रीत. सॉफ्टवेअरमध्ये ती रुजवण्याचं श्रेय मुख्यतः डेव्हिड अँडरसन यांना जातं. प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कार्डं असू शकतात याला मर्यादा, एवढाच तिचा गाभा. टेस्टिंगची मर्यादा तीन असेल आणि तीन कार्डं तिथे असतील, तर डेव्हलपर चौथं ढकलू शकत नाही. नवं कामही उचलू शकत नाही, कारण त्याचा स्वतःचा रकानाही भरलेला असतो. मग तो टेस्टरकडे वळून विचारतो, ‘कुठे अडलंय?’ हा प्रश्न स्क्रममध्ये ऐकला नाही असं नाही, पण इथे तो रोज ऐकू येतो, कारण विचारल्याशिवाय त्याचंच काम पुढे सरकत नाही. डेव्हलपर टेस्ट डेटाची स्क्रिप्ट लिहून देतात, एकमेकांची कार्डं तपासतात आणि स्वतःचं कार्ड पुढे सरकवण्याआधी दोन टॅब उघडून बघतात.

मर्यादेमागे गणितही आहे. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला : सरासरी हाती असलेलं काम म्हणजे काम संपण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा वेळ. टीम दिवसाला दोन कार्डं संपवते आणि हाती दहा आहेत, तर एका कार्डाला सरासरी पाच दिवस. वेग तोच ठेवून हाती वीस घेतली तर दहा दिवस. जास्त कामं एकदम सुरू केल्याने लवकर संपत नाहीत, हे मॅनेजरला पटवताना या दोन ओळी मला फार उपयोगी पडल्या.

कानबानच्या उणिवा लपवत नाही. तारीख विचारणाऱ्याला ‘अशा आकाराचं काम साधारण इतक्या दिवसांत होतं’ एवढंच सांगता येतं आणि ते सगळ्यांना रुचत नाही. थांबून मागे वळून बघायचा ठरलेला क्षण नसतो, म्हणून रेट्रोस्पेक्टिव्ह स्क्रमकडून उचलून आणावी. आम्ही तेच केलं. आणि सर्वात महत्त्वाचं, रिग्रेशन पूर्णपणे हाताने होत असेल तर कार्डागणिक रिलीज करायच्या फंदात पडू नका. प्रत्येक कार्डामागे दोन दिवस जुन्याच टेस्ट चालवायला लागल्या तर टेस्टिंगचा रकाना कायम तुंबलेला राहील. निदान लॉगिन, पैशांचे व्यवहार आणि जिथे वारंवार मोडतं त्या जागांचं ऑटोमेशन आधी करा. म्हणजे टेस्टरला हाताने शोध घेत टेस्टिंग करायला वेळ उरतो, आणि रिफंडसारखे बग तिथेच सापडतात.

तारीख आणि व्याप्ती दोन्ही करारात बांधलेली असतील तर व्ही-मॉडेल. टीम नवखी असेल आणि प्रॉडक्ट ओनरला दर दोन आठवड्यांनी काहीतरी बघायची सवय लावायची असेल, तर स्क्रमने सुरुवात करायला माझी हरकत नाही, फक्त टेस्टिंगच्या रकान्याला पहिल्या दिवसापासून मर्यादा लावा. स्क्रममध्ये त्याला बंदी नाही. चालू प्रॉडक्ट आहे, बग आणि नवी कामं मिसळून येतात, आणि टेस्टर डेव्हलपरांपेक्षा कमी आहेत अशी स्थिती असेल तर, मला विचाराल तर, सरळ कानबान.

टेस्टिंगची मर्यादा टेस्टरांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त ठेवून बघा आणि महिन्याभराने बदला. बोर्डवर ‘डेव्हलपमेंट झालं, टेस्टिंग बाकी’ असा मधला रकाना असेल तर त्यातली कार्डंही त्याच मर्यादेत मोजा. नाहीतर सगळं काम तिथे जाऊन साठतं आणि टेस्टिंगचा रकाना वरून नीटनेटका दिसत राहतो.