एमएसडब्ल्यूसाठी ऑनलाइन टूल्स: इतकी वर्षं वापरून झालेलं माझं मत

मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, केसवर्क (एकेका व्यक्तीला किंवा कुटुंबाला भेटून, ऐकून मदत करण्याची पद्धत) शिकवते, शिवाय दरवर्षी आठ-दहा मुलांचं फिल्डवर्क सुपरव्हिजन माझ्याकडे असतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फिल्डवर्कच बंद पडलं तेव्हा नाइलाजाने ही सगळी टूल्स हातात घेतली, आता कॉलेज नेहमीसारखं भरतंय तरी त्यातली काही सोडवत नाहीत आणि काही मी केव्हाच बाजूला ठेवलीत. नव्याने शिकवायला लागलेले बरेच जण विचारतात कुठलं वापरू, म्हणून लिहितेय.

आधी ई-पीजी पाठशाला, पदव्युत्तर अभ्यासाची वेबसाइट. यूजीसीचं आहे, फुकट आहे, सोशल वर्कचा वेगळा विषय आहे, मॉड्यूलमध्ये वाचायचा मजकूर, व्हिडिओ आणि स्वतःला तपासून बघायला प्रश्न. गावाकडच्या नेटवर्कला व्हिडिओ नुसता फिरत राहतो पण पीडीएफ उतरते, म्हणून मी मुलांना पीडीएफच वाचायला लावते. अडचण इंग्रजीची. मराठीतून बीए करून आलेली मुलगी एम्पथीचं पान वाचते आणि वहीत लिहिते ‘सहानुभूती’. झालं, तिथेच गाडी घसरते! मग समानुभूती म्हणजे काय, कीव करणं वेगळं आणि समोरच्याच्या जागी जाऊन बघणं वेगळं, यात माझा अख्खा तास जातो. असं सोप्या मराठीत लिहिलेलं काही तिथे असायला हवं होतं, फार वाटतं.

स्वयम हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल २०१७ पासून आहे. शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स त्यावरून करता येतात. रिसर्च मेथडॉलॉजीसाठी खुशाल घ्या, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना तर फारच सोयीचं. पण कम्युनिटी ऑर्गनायझेशन, म्हणजे वस्तीतल्या लोकांना एकत्र आणून काम करणं, नुसतं त्यावर सोडू नका, सगळे असाइनमेंट बिनचूक भरणाऱ्या मुलाने वस्तीत अजून पायसुद्धा ठेवलेला नसतो.

झूमच्या ब्रेकआउट रूममध्ये (मीटिंगमधले छोटे वेगळे गट) केसवर्कचे रोल प्ले करून बघितले. एक वर्कर, एक क्लायंट, एक निरीक्षण करणारा. प्रश्न कसे विचारायचे, घाईने सल्ला द्यायचा नाही, एवढं जमतं. पण मुलाखतीतली शांतता शिकवता येत नाही हो. क्लायंट झालेली मुलगी नवऱ्याच्या दारूबद्दल सांगता सांगता थांबली, आता इथे वर्करने गप्प बसायचं, तिला वेळ द्यायचा, तर वर्कर झालेला मुलगा लगेच म्हणतो, “आवाज येतोय का? नेटवर्क गेलं वाटतं.” तीन-चार वेळा हेच झालं तेव्हा मी रोल प्ले परत वर्गात आणले, समोरासमोर खुर्च्या टाकून. शिवाय फुकटच्या झूमला ४० मिनिटांची मर्यादा, नेमकी चर्चा रंगात आली की मीटिंग बंद.

आता जे मी कधीच सोडणार नाही ते. गुगल डॉक्स. आधी मुलं प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीत कोण काय बोललं त्याची सविस्तर नोंद, वहीत लिहायची, आठवड्याने माझ्याकडे यायचं, तोवर पुढची होम व्हिजिट होऊन गेलेली असायची. आता भेट झाली त्याच रात्री डॉकमध्ये येतं आणि मी वाक्यावाक्याला कमेंट टाकते. एकाने लिहिलं होतं, “आजींना समजावून सांगितले, त्यांना पटले.” मी कमेंट टाकली, तू नक्की काय म्हणालास, आजी काय म्हणाल्या, जसंच्या तसं लिही. त्याने पुन्हा लिहिलं तेव्हा कळलं की आजी फक्त “बरं बाबा” एवढंच म्हणाल्या होत्या आणि चहा ठेवायला उठल्या होत्या. पटलं कुठे? पुढच्या भेटीला तो सल्ला न देता नुसता ऐकायला गेला. हे वहीवर लाल पेनाने इतक्या वेळेत झालंच नसतं.

एक मात्र कळकळीने सांगते, गोपनीयता. माझे विद्यार्थी फिल्डवर्कसाठी प्लेसमेंटला होते त्या एका संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका लहान मुलीचा फोटो नावासकट फिरला, मला रात्रभर झोप लागली नाही. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा लहान मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, हे पहिल्याच आठवड्यात सांगा. डॉकमध्ये खरं नाव, गाव, शाळा काहीच नको, आणि शेअरिंग ‘लिंक असलेला कोणीही’ असं कधीच ठेवू नका, मुलगा आणि सुपरवायझर एवढेच.

टायपिंगचा कंटाळा असणाऱ्यांसाठी फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग आहे, बोललेलं बऱ्यापैकी बरोबर उमटतं, बोलीभाषेतले शब्द तेवढे नंतर सुधारावे लागतात. पण एसटीत बसून बोलू नका, शेजारच्या सीटवर त्याच गावचं माणूस असतं. घरी जा, दार लावा आणि मग बोला.