वरून माझी, खालून परकी

नाना गेल्यावर वर्षभरानं, २०२३ मध्ये, भुसावळच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ब्लॅकफुट निघाली. मस्कतला असलेल्या मामानं १९८८ च्या दिवाळीत माझ्यासाठी आणलेली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जपानच्या टामिया कंपनीनं १९८६ मध्ये काढलेला हा रिमोटवरचा ट्रक. फोर्ड एफ-१५० पिकअपचं एक दशांश मापाचं रूप, मोटर मागे, ओढ फक्त मागच्या दोन चाकांना, आणि चाकं चांगली वाडग्याएवढी. गुळगुळीत रस्त्यावर तो फार काही करत नाही. काळ्या मातीच्या ढेकळांतून मात्र असा उड्या मारत जातो की गल्लीतली पोरं बांधावरून त्याच्यासोबत पळायची.

ट्रंकेतल्या पंचवीस-सत्तावीस उन्हाळ्यांनी त्याची दशा केली होती. आपल्याकडचा मे महिना बंद ट्रंकेत काय करतो ते त्या टायरांना विचारा. रबर दगडासारखं कडक, स्टिकरं वळून सुटलेली, सहा सेलच्या ७.२ व्होल्टच्या निकॅड बॅटरीवर पांढरी बुरशी धरल्यासारखी पावडर. वेग बदलणाऱ्या यंत्रणेचे तांब्याचे संपर्क काळे पडलेले. पण मागचं चाक हातानं फिरवलं तर गिअरबॉक्स आतून मऊ फिरत होता, आणि ते नानांमुळे.

नाना रेल्वेत टर्नर. १९९१ मध्ये गिअरबॉक्समधल्या प्लास्टिकच्या बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या कड्या, घासून सैल झाल्या, चाक डुलायला लागलं. इथं पार्ट कुठून मिळणार? नानांनी जुनी बुश खिशात घालून नेली आणि तिसऱ्या दिवशी पितळेच्या दोन बुश लेथवर काढून आणल्या. त्यांच्या सवयीप्रमाणे कडेला सेंटर पंचनं तीन ठिपके मारलेले. स्वतः केलेल्या प्रत्येक वस्तूवर ते तसे ठिपके मारायचे, आईच्या पोळपाटाच्या पायावरसुद्धा. फ्रेमच्या डाव्या भागाला त्यांनी एक चार मिलिमीटरचं भोक पाडलं होतं, एरियलची तार बांधायला, आणि ते सापडावं म्हणून भोवती पांढऱ्या ऑइलपेंटचं कडं काढलं होतं.

आम्ही आठ-दहा जण आहोत, जळगाव, अमळनेर, पारोळा, धुळे इकडचे. पऱ्हाट्या उपटून झाल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या मोकळ्या शेतात चुन्यानं ट्रॅक आखतो आणि गाड्या पळवतो. त्यात एक गट जुन्या गाड्यांचा ठेवला आहे. १९९० पूर्वीची गाडी, कार्बन ब्रशची मोटर, फ्रेम आणि गिअरबॉक्स त्या काळचाच. बॅटरी आणि रिमोट नवे चालतात. मला नानांच्या बुशवर ब्लॅकफुट त्या ट्रॅकवर उतरवायची होती. दुसरं काही नको होतं.

तो माणूस ओळखीतून मिळाला. शहराचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण तो कसा होता हे नीट सांगायला हवं, कारण अशा माणसावर तुम्हीही विश्वास ठेवाल. त्याला विषय येत होता. मी न सांगता त्यानं विचारलं, ‘दादा, मागच्या दांड्यांची षटकोनी टोकं गोल झालीत का बघा, या गाडीचं तिथंच दुखणं असतं.’ बघितली तर खरंच झाली होती. जुन्या ब्लॅकफुटमध्ये चाकाकडे जाणाऱ्या दांडीचं टोक सहा कोनी असतं, ते गिअरबॉक्सच्या वाटीत बसून फिरतं, आणि झिजलं की कर्र आवाज करून निसटतं. ही माहिती शंभर टक्के खरी आहे. संध्याकाळी तो फोन करायचा, तास तास बोलायचा. कोणतं ग्रीस प्लास्टिकला चालतं, टायर कसे मऊ करायचे, जुन्या मोटरचा कम्युटेटर कसा साफ करायचा. एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही. मी पुढे प्रत्येक गोष्ट तपासून पाहिली, सगळी बरोबर निघाली. म्हणून पैशांची गोष्टसुद्धा बरोबरच असेल असं धरून चाललो.

ऑगस्ट २०२४ मध्ये गाडी कुरिअरनं पाठवली. ठरले १८,०००, निम्मे आगाऊ. महिनाभरानं फोन आला की गिअरबॉक्सला आतून तडा आहे, जपानमध्ये एकाकडे १९८६ चा न वापरलेला, पाकीटबंद मिळतोय, ११,००० पडतील. मी म्हटलं, नानांच्या बुश त्यातच बसवा. ‘अर्थात दादा, त्या तर तुमच्या गाडीचा जीव आहेत.’ हे त्याचे शब्द जसेच्या तसे. दिवाळीनंतर पुन्हा फोन: पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ६,२०० भरावे लागतील, आज संध्याकाळपर्यंत. खेळण्यांवरचा आयात कर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७०, हे मला माहीत होतं. त्यामुळे आकडा खोटा वाटला नाही. मी यूपीआयनं लगेच पाठवले. शुल्क भरल्याची पावती असते, कुरिअर कंपनी ती देते, पार्सलचा नंबर असतो, हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी एकच विचार होता, मार्चच्या आत गाडी यावी.

फेब्रुवारीत उरलेले ९,००० आधी घेऊन त्यानं गाडी पाठवली. एकूण ३५,२०० रुपये. खोकं उघडलं आणि मी खरंच रडलो. वरची बॉडी तीच होती. आतून आतेभावानं खिळ्यानं कोरलेलं त्याचं नाव तसंच. रंग नीट केलेला, स्टिकरं नवी. खाली फ्रेम जुनाट, मळकट, जशी असायला हवी तशी. आईनं पदरानं तिच्यावरची धूळ पुसली.

मार्चच्या पहिल्या रविवारी धरणगावकडच्या एका शेतात जमलो. सुरुवातीआधी आम्ही एकमेकांच्या गाड्या उलट्या करून बघतो, नियम म्हणून कमी आणि आवड म्हणून जास्त. पारोळ्याचा आमचा मित्र, वयानं मोठा, आम्ही त्याला आबा म्हणतो, तो माझी गाडी हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिला. मग मला बाजूला नेऊन म्हणाला, ‘भाऊ, हाई गाडी तुनी नई शे.’

त्यानं दाखवलं ते मी रोज बघत होतो आणि दिसत नव्हतं. मागच्या दांड्यांना षटकोनी टोकं नव्हती. टोकाला आडवी पिन असलेल्या, हाडाच्या आकाराच्या दांड्या होत्या, त्यांना डॉगबोन म्हणतात. टामियानं ब्लॅकफुट २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणली, त्या नव्या आवृत्तीत ही दुखरी जागा सुधारून अशा दांड्या दिल्या आहेत. गाडी म्हणून ती सुधारणा चांगलीच आहे. पण १९८६ च्या पाकीटबंद गिअरबॉक्समध्ये ती असूच शकत नाही.

मग आबानं रुमाल ओला करून फ्रेमवर घासला. रुमालावर तपकिरी रंग आला. बुटाचं पॉलिश. खाली कोरं करकरीत प्लास्टिक. डाव्या बाजूला भोक नव्हतं. शेताच्या बांधावर बसून गिअरबॉक्स उघडला, दात नवे, ग्रीस पांढरंशुभ्र, आणि नानांच्या बुश नव्हत्या.

म्हणजे त्यानं माझी गाडी दुरुस्त केलीच नव्हती. नवीन आवृत्तीचं एक किट घेतलं, त्याच्या फ्रेमवर माझी ओळखीची बॉडी बसवली, खालचा भाग मळवला आणि परत पाठवला. माझी मूळ फ्रेम, गिअरबॉक्स, दांड्या, सगळं त्याच्याकडे राहिलं. जुन्या मूळ भागांना हौशी लोक चांगला पैसा देतात, झिजलेल्यांनासुद्धा. बॉडी त्यानं ठेवून घेतली नाही, कारण माणूस गाडी बॉडीवरून ओळखतो. मीही तशीच ओळखली.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, फ्रेम तडकली होती, बदलावी लागली. मग जुनी परत पाठव म्हटलं. ‘भंगारात गेली दादा.’ आणि बुश? ‘तो जुगाड होता, काढून टाकला.’ त्यानंतर फोन लागला नाही. दोन आठवड्यांनी आबानं एक फोटो पाठवला. विक्रीला ठेवलेली ब्लॅकफुटची मूळ फ्रेम, डाव्या भागाला भोक, भोवती पांढरं कडं. तोवर ती विकली गेली होती.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथं कळलं की पैसे गेल्यावर जितक्या लवकर, काही तासांच्या आत, कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. मी चार-सहा महिने उशिरा गेलो होतो. पोलीस ठाण्यात साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पण विचारलं, ‘हा कामाच्या दर्जाचा वाद नाही हे कशावरून?’ भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे आणि सोपवलेली वस्तू लाटण्याला ३१६, पण दोन्हींसाठी आधी दाखवावं लागतं की मी दिलेली वस्तू वेगळी होती.

आणि इथं माझी चूक उभी राहते. पाठवण्याआधी मी गाडीचे तीसेक फोटो काढले होते. सगळे बॉडीचे, समोरून, बाजूनं, अंगणात उन्हात ठेवून. खालून एकही नाही. गिअरबॉक्स उघडून एकही नाही. वाचलो ते मुलीमुळे. मी खोकं भरत असताना तिनं सहज मोबाइलवर एक फोटो घेतला होता, त्यात गाडी आडवी पडलेली आहे आणि पांढरं कडं स्पष्ट दिसतं. फोटोवर तारीख आहे. विक्रीच्या फोटोतलं कडं आणि हे कडं एकच आहे, ब्रशचा ओघळसुद्धा. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात केलेली तक्रार त्या एका फोटोवर उभी आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मी वकील केलेला नाही. त्याचे संदेश, यूपीआयच्या नोंदी आणि दोन फोटो स्वतःच क्रमानं लावून दिले.

जुनी गाडी कुणाकडे पाठवणार असाल तर पूर्ण गाडी पाठवू नका. गिअरबॉक्सचं काम असेल तर तो खोला आणि तेवढाच पाठवा, काही स्क्रू काढायचं काम असतं, घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला स्वतःची खूण करा आणि त्या खुणेचा फोटो समोरच्याला पाठवू नका, घरात ठेवा. बदललेला प्रत्येक जुना भाग, तुटका असला तरी, परत हवा असं पैसे देण्याआधी लिहून घ्या. जो खरोखर काम करतो त्याला हे वावगं वाटत नाही, नंतर मी नाशिकच्या एकाशी बोललो तर त्यानं स्वतःहून पिशवीत जुने भाग देतो असं सांगितलं. ‘न वापरलेला जुना भाग’ म्हणून काही घेताना नुसता पाकिटाचा फोटो पाहून पैसे देऊ नका, तो भाग हातात फिरवत दाखवणारा व्हिडिओ कॉल मागा. माझ्या माणसाकडे दर वेळी कॅमेरा बिघडलेला असायचा. प्लास्टिकवर साच्यातून उमटलेल्या सालाच्या आकड्यावरही विसंबू नका. जुना साचा पुन्हा वापरला की जुनंच साल नव्या भागावर येतं. मला त्यानं फोटोत तेच साल बोट ठेवून दाखवलं होतं.

ही गाडी आता मी नव्या गाड्यांच्या गटात पळवतो. तिचा काही दोष नाही, ती चांगली पळते. बॉडी नानांच्या ट्रंकेतलीच आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी जुनी ब्लॅकफुट विकत घेतली असेल, तर एकदा ती उलटी करा. डाव्या फ्रेमला चार मिलिमीटरचं भोक आणि भोवती पांढऱ्या ऑइलपेंटचं कडं असेल तर गिअरबॉक्स उघडून बघा. आत पितळेच्या दोन बुश असतील, कडेला तीन ठिपके. तुम्ही पैसे मोजून गाडी घेतली आहे, ती तुमचीच राहू द्या. बुश तेवढ्या काढून ठेवा, मी येऊन घेऊन जाईन, आणि बदल्यात त्याच मापाच्या नव्या बसवून देईन.